पावणेदोन इंच

मला सगळे हजरजबाबी म्हणतात. चौतीस वर्षं म्हणताहेत आणि मीही म्हणू दिलं. खरं काय आहे ते माझ्या मापाच्या वहीत आहे.

धारला मोतीबाग चौकामागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान. वही लांबट, काळ्या कापडी पुठ्ठ्याची. डाव्या पानावर माणसाची मापं: छाती, कंबर, खांदा, बाही. उजवं पान मी कोरं सोडतो असं गिऱ्हाइकाला वाटतं. ते गेलं, की तिथे बारीक अक्षरात मी लिहितो तो माणूस बोलतो कसा. ‘यशवंतराव, छाती बेचाळीस. टोमणा मारायच्या आधी मिशीवरून हात फिरवतात, तेवढा वेळ पुरतो.’ ‘उर्वशीबाई, ब्लाऊज दोन. स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसतात. हसून होईपर्यंत उत्तर तयार पाहिजे.’ ‘अर्पित, कोट. “वैसे तो” म्हणून सुरुवात केली की गाडी माझ्या टकलावर येऊन थांबणार.’

टकलावरची तीन उत्तरं मी कायम शिवून ठेवलेली असतात. माप देताना माणूस हात वर करून आरशात बघत असतो, आणि अशा वेळी तो मनातलं बोलून जातो. सहा महिन्यांनी कुणाच्या लग्नात तो मला काय म्हणणार, ते मला त्या दिवशीच कळतं. उत्तर बेतायचं, कच्चा टाका घालून ठेवून द्यायचं. वेळ आली की बटण लावण्याएवढंच काम उरतं. लोक टाळ्या देतात आणि म्हणतात, “माधवरावांना सुचतं कसं हो!” मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

उजव्या पानावरचं मी हवं तिथे वापरलं. डाव्या पानावरचं कधीच नाही. कुणाचं पोट वर्षात किती सुटलं, कुणाच्या पॅन्टचा एक पाय अर्धा इंच आखूड ठेवावा लागतो, हे माझ्या दुकानाबाहेर गेलेलं नाही. एकदा एक बाई नवऱ्याला न सांगता त्याच्यासाठी सदरा शिवायला आल्या आणि म्हणाल्या, मापं तुमच्याकडे आहेतच, जरा वाचून दाखवा. मी सदरा शिवून दिला, मापं वाचली नाहीत. बायको झाली म्हणून काय झालं?

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं समजायला ते लागतं.

आमची माणसं मराठी फौजेबरोबर तंबू शिवत माळव्यात आली. आता धारमध्ये आणि देवासमध्ये मिळून आमची दहा-बारा घरं. सोयरीक आपापसातच होते, आणि या दहा-बारा घरांत एक रीत आहे, ती मी दुसरीकडे पाहिली नाही. साखरपुड्याला नारळ हातात देण्याआधी ‘पानाचा बोल’ होतो. दोन्हीकडचा एकेक बोलका माणूस समोरासमोर पाटावर बसतो. यजमानांकडच्यानं तीन बोल टाकायचे, पाहुण्यांकडच्यानं उत्तर द्यायचं. मधे घरची बाई तबक घेऊन विडा बांधायला बसते. पान, चुना, कात, सुपारी, घडी, आणि शेवटी लवंग. लवंग टोचायच्या आत उत्तर आलं पाहिजे. उत्तर आलं तर ती विडा हातात देते. नाही आलं तर तबकात ठेवते, आणि तो आपला आपण उचलून घ्यायचा. बस, एवढंच. पण तबकातून विडा उचलणाऱ्याची दहा वर्षं चेष्टा होते. मी आजवर सतरा वेळा पाटावर बसलो आणि एकदाही तबकातून उचलला नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचा, वैभवीचा, साखरपुडा ठरला. वैभवी माझ्या धाकट्या बहिणीची, मालनची मुलगी. मुलगा देवासचा, अजेय नाव, तिथे एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. त्यांच्याकडून पाटावर बसणार होते त्याचे थोरले काका, कृष्णराव. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वय बहात्तर, जीभ विशीतली. माझ्या वहीत ते होतेच: ‘कृष्णराव, कुर्ता. बोल टाकायच्या आधी चष्मा काढून उपरण्यानं पुसतात. दोन्ही काचा. तीन श्वास मिळतात.’

आमच्यात नवऱ्या मुलाचे कपडे मुलीचा मामा देतो. साखरपुड्याचा बंद गळ्याचा कोट आणि लग्नाची शेरवानी दोन्ही मीच शिवणार होतो. अजेय एका मंगळवारी दुपारी देवासहून मोटरसायकलवर एकटाच आला.

“मामा, एक बात सांगायची होती,” तो म्हणाला. “आत्ता दुकानात कोणी येणार तर नाही ना?”

मी शटर अर्धं ओढलं. त्यानं शर्ट काढला आणि आरशाकडे पाठ केली. पोरं आरशाकडे तोंड करतात. यानं पाठ केली तेव्हाच मी टेप गळ्यातून काढून हातात घेतली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. मोजला तर पावणेदोन इंच.

“अकरा वर्षांचा होतो. टेकडीच्या पायऱ्यांवरून पडलो. हड्डी जुडली, पण वाकडी जुडली.” मग हसल्यासारखं करून म्हणाला, “शाळेत मला तराजू म्हणायचे. पाच वर्षं. हजेरीत माझं नाव आलं की पोरं मागून पुकारायची, तराजू!”

“वैभवीला?”

“तिला सगळं माहीत आहे. घरच्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी शाळेतले दोस्त येणार, तुमच्याकडचे एवढे लोक येणार, फोटो निघणार. त्या एक दिवशी कोणी तिकडे बघू नये, मामा. बस एक दिवस. होईल?”

“होईल,” मी म्हणालो. “डाव्या खांद्यात कापसाचे थर देतो, वरून बकरमचं कडक कापड. थर एकसारखे नाही, उतरते. तुझ्या आईनं हात फिरवला तरी कळायचं नाही.”

त्यानं श्वास सोडला. शर्टाची बटणं लावताना वहीकडे बघून म्हणाला, “माझ्याबद्दल काय लिहिता तिकडे, त्या पानावर? मला मराठी वाचायला फार टाइम लागतो, तुम्हीच सांगा.”

“तुझ्याबद्दल अजून काही नाही. तू बोलतोस कुठे?”

“वैभवी म्हणाली, मामाकडेच जा. म्हणाली, मामाच्या तोंडून दुनियेचं सगळं बाहेर येतं, पण मापं येत नाहीत.”

मला ते इतकं आवडलं, की गेल्यावर उजव्या पानावर मी तेच लिहून ठेवलं. त्याच्याबद्दलचं पान, आणि त्यावर माझी तारीफ.

तो कोट मी नऊ दिवस शिवला. माझ्या हातून इतकं चांगलं काम आधी झालेलं नाही, हे मी आजही म्हणतो. ट्रायलला अजेय आरशासमोर उभा राहिला, या वेळी तोंड करून. मग दोन्ही खांदे आळीपाळीनं चाचपून म्हणाला, “मामा, हा मीच आहे ना?”

साखरपुड्याला आम्ही दोन गाड्या करून देवासला गेलो. वाटेत मालन म्हणाली, “दादा, आज जरा जपून हं. पोरीचं सासर आहे ते.”

“मी पाटावर कुणाला दुखवलंय कधी?”

“दुखवलं असतंस तर तुला कळलं असतं का?” मालन म्हणाली. तिची मापंही माझ्या वहीत आहेत, पण तिच्या बोलण्याबद्दल मी काही लिहीत नाही. तिला अंदाज लागत नाही.

हॉल छोटा, पण भरलेला. खिडकीतून टेकडी दिसत होती. अजेय कोट घालून उभा होता आणि लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. एक जण म्हणाला, “अबे, तू तर हीरो दिसतोयस, भिया!” अजेय मोकळा हसला. कुणीही त्याच्या खांद्याकडे बघत नव्हतं. मी लांबून बघत होतो आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होतो.

मग पाट मांडले. समोर कृष्णराव. मधे तबक घेऊन अजेयची आई, कमलताई. शांत बाई. पानाचे देठ खुडून त्यांनी ओळीनं लावून ठेवले. अजेयची चुलत बहीण मोना मोबाइल धरून समोर उभी राहिली, पूर्ण बोल रेकॉर्ड करायचा म्हणून.

कृष्णरावांनी चष्मा काढला. पहिली काच, दुसरी काच.

“माधवराव, तुम्ही अकराला येणार होता, एक वाजला. धारला अजून रेल्वे आलेली नाही, म्हणून वेळेची सवय नाही का?”

रेल्वेचा टोमणा येणार हे मला महिन्यापासून माहीत होतं. कमलताईंनी चुना लावून झाला होता. मी म्हणालो, “रेल्वे आली नाही म्हणून आमची पोरं गावात आहेत. तुमच्याकडे स्टेशन आहे, तर अर्धं देवास पुण्याला गेलं आणि उरलेलं सोडायला गेलं.”

हॉल हसला. विडा हातात आला. दुसरं पान.

कृष्णरावांनी पुन्हा चष्मा पुसला. “तुमची मुलगी एवढी शिकलेली. आमच्या घरात तिचं ऐकायचं कुणी आणि कुणाचं ऐकायचं तिनं?”

“त्याची चिंता तुम्हीच करा. तुमच्या एका गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. इकडची आज्ञा तिकडे चालत नव्हती. त्यात आता आमची तिसरी पाती आली म्हणा.”

हे तर मी तीन वर्षं ठेवलेलं होतं, देवासची सोयरीक कधी जमते याची वाट बघत. टाळ्या पडल्या. वैभवीसुद्धा हसली. दुसरा विडा हातात.

तिसऱ्या बोलाला कृष्णरावांनी चष्म्याला हात लावला नाही. गुडघ्यावर हात ठेवून सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, “मान्य, माधवराव. आता शेवटचं. आमच्या मुलात एक खोड दाखवा. एकच. दाखवलीत तर धार जिंकली.”

तिसरा बोल बहुतेक गोडच असतो. समोरच्यानं गोड उत्तर देऊन विडा घ्यावा म्हणून टाकलेला. खोड एवढीच की आमच्या मुलीसमोर तोंडातून शब्द फुटत नाही, असं काहीतरी म्हटलं की झालं. शाळकरी मूलही म्हणेल. पण माझ्याकडे ते शिवलेलं नव्हतं. मी रेल्वेवर, दोन गाद्यांवर, चष्म्यावर तयारी करून आलो होतो. कमलताईंनी सुपारी ठेवली. घडी घातली. मला काहीच सुचत नव्हतं, आणि हे असं पहिल्यांदाच होत होतं. अठराव्या वेळी तबकातून उचलणार, देवासच्या पोरांसमोर. कमलताईंच्या बोटांत लवंग आली. मी वर बघितलं, समोर अजेय उभा, माझा कोट घालून, सरळ.

“एकच खोड,” मी म्हणालो. “पावणेदोन इंचाची. डावा खांदा खाली आहे. पण काळजी नको, देवानं कमी दिलं ते धारच्या कापसानं भरलंय!”

हॉल फुटला. असा हशा मी कधी ऐकला नव्हता. कुणीतरी शिटी मारली. कृष्णराव मान मागे टाकून हसले. आणि मला, हे लिहायलाच हवं, मला बरं वाटलं. दोन श्वास, फार तर अडीच, मला इतकं बरं वाटलं की बस. सतरा वेळा मी शिवलेलं उत्तर दिलं होतं. हे पहिलंच, जे खरोखर त्या क्षणी सुचलं होतं.

मग मी पाहिलं, की सगळा हॉल एकाच जागी बघतोय.

अजेय हसत होता. सगळे हसतात तसा, ओठ ताणून. त्याचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला होता आणि तिथेच राहिला. मागून एक दोस्त म्हणाला, “अरे, तराजू!” आणि दुसरे दोघं खिदळले. दुष्टपणानं नाही. विसरलेलं नाव सापडल्याच्या आनंदानं.

कमलताईंनी लवंग टोचली. विडा उचलला. आणि तबकात ठेवला.

मी जिंकलो होतो, त्यामुळे गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक मला मिठ्या मारत होते. मालननं मात्र पाहिलं. मी वाकून तबकातून विडा उचलला आणि खिशात घातला. खाल्ला नाही. मालन तोंड फिरवून वैभवीचा पदर सारखा करत बसली.

परतताना गाडीत पुढे मी, मागे मालन आणि वैभवी. आमचे मेहुणे मुळातच बोलत नाहीत. ते दुसऱ्या गाडीत बसले. इंदूरचा बायपास संपला. मग वैभवी म्हणाली,

“मामा, तुम्हाला उत्तर सुचलं नसतं तर काय झालं असतं?”

“हरलो असतो.”

“मग?”

मी पुढच्या काचेतून रस्ता बघत राहिलो.

“मग काय झालं असतं, मामा?” तिनं पुन्हा विचारलं. भांडायच्या सुरात नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

बेटमा गावाजवळ मला उत्तर सुचलं. तिच्या प्रश्नाचं नव्हे, कृष्णरावांच्या. एकापाठोपाठ एक तीन उत्तरं सुचली, तिन्ही चांगली, तिन्ही गोड. मालननं पिशवीतून डबा काढून मला लाडू दिला. मी तो घाटाबिल्लोदपर्यंत हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मोनानं तो व्हिडिओ आमच्या धार-देवास परिवाराच्या ग्रुपवर टाकला. मला मोजायची सवय आहे, मी मोजलं. त्रेसष्ट जणांनी हसरे चेहरे टाकले, त्यातले एकवीस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. यशवंतरावांनी लिहिलं, ‘धार की शान.’ अर्पितनं लिहिलं, ‘वैसे तो मामाजी का जवाब नहीं.’ अजेयच्या एका दोस्तानं काहीच लिहिलं नाही, फक्त तराजूचं एक छोटं चित्र टाकलं. त्या चित्राला पंधरा अंगठे आले. अजेय ग्रुपमध्ये होता. त्यानं पाहिलं होतं, तशी खूण दिसत होती.

मी मोनाला फोन केला, व्हिडिओ काढून टाक म्हणून.

“का, मामाजी? सगळ्यात जास्त तर तोच चाललाय!”

“काढ, बाळ.”

तिनं काढला. तोपर्यंत तो उज्जैन, महू, बडोदा सगळीकडे गेला होता. दोन दिवसांनी दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक आलं, पाठ दाखवून म्हणालं, “मास्टरजी, जरा बघा, माझा पण खांदा बरोबर आहे ना?” आणि खो खो हसलं. त्याला काय उत्तर द्यायचं तेही माझ्याकडे तयार होतं. मी टेप गळ्यात तशीच ठेवून म्हणालो, “बरोबर आहे.”

पंधरा दिवसांनी लग्नाची शेरवानी ट्रायलला आली. अजेय धारला येईना. फोनवर वैभवीला म्हणाला, सुट्टी नाही. तेव्हा मीच शेरवानी खोक्यात घालून बसनं निघालो. इंदूरला गंगवाल स्टँडवर गाडी बदलताना तिकिटामागे माफीची वाक्यं लिहू लागलो. सवय. चार लिहिली. चारही ऐकायला फार छान होती. तिकीट फाडून टाकलं.

कमलताईंनी दार उघडलं, पाणी दिलं, सगळं रीतीप्रमाणे. बसा म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “शाळेत असताना मी त्याच्या सदऱ्यात रुमाल शिवायची. घडी करून, डाव्या खांद्यात. धुवायच्या आधी उसवायचा, वाळला की परत शिवायचा. पाच वर्षं. तुमच्यासारखा सफाईनं नाही व्हायचा, सरकायचा. पण त्याला तेवढाच आधार.”

मी खोक्याची दोरी सोडत होतो. ती गाठ सुटेना.

“मी तुम्हाला विडा हातात दिला नाही,” त्या म्हणाल्या. “राग नका मानू.”

“तुम्ही बरोबर केलंत, ताई.”

त्या आत गेल्या. अजेय आला. नमस्कार केला, शेरवानी घातली, आरशासमोर उभा राहिला. खांदे एका रेषेत. तो स्वतःकडे बघत होता आणि मी आरशातल्या त्याच्याकडे.

“कापूस काढून टाका,” तो म्हणाला.

“अजेय, माझं चुकलं. मी...”

“चांगलं होतं उत्तर,” तो म्हणाला. “सच सांगतो. दुसऱ्याचा खांदा असता तर मी पण हसलो असतो.” मग बोटानं डावा खांदा दाबून, कापूस किती आत जातो ते बघून म्हणाला, “पण आता हे बेकार आहे ना. सरळ दिसलो तर सगळे हेच बघणार, कापूस किती भरलाय. काहीजण दाबून बघतील. तुम्ही खरा खांदा ठेवा. जेवढा आहे तेवढा. मास्टरजी, एवढं करा.”

मास्टरजी. मला सगळं गाव मास्टरजी म्हणतं. शिंप्याला दुसरं काय म्हणणार? पण हा मुलगा मला आजवर मामा म्हणत होता. त्यानं ते मुद्दाम टोचायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो सहज म्हणाला. दुकानात येणारा म्हणतो तसा.

शेरवानी परत आणली. डावा खांदा उसवला. मी दिलेले थर एकेक करून निघाले, उतरते, वरचा पातळ, खालचा जाड. बकरम सोडवलं. इतकं पक्कं काम उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग पुन्हा नवी बेतणी केली, त्याच्या खऱ्या उतारावर, एक बाजू वर, एक खाली. कापड कुठे ओढलं जाऊ नये, चुणी पडू नये, एवढं पाहिलं. ते झालं. पण याला कारागिरी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

लोकांपुढे माफी मागायची, असं मी ठरवलं होतं. मालननं एका वाक्यात मोडून काढलं. “पुन्हा सगळ्यांना तिकडे बघायला लावणार आहेस का, दादा?” खरंच होतं. ज्या गोष्टीची मी माफी मागणार, तीच माफीनं पुन्हा होणार होती. म्हणजे आता ते माझ्याकडेच राहणार.

लग्न धारला झालं. आमच्यात लग्नाच्या दिवशीही एक छोटा बोल होतो, त्यात या वेळी यजमान आम्ही होतो आणि बोल मला टाकायचे होते. मी पाटावर बसलो, कारण न बसणं म्हणजेच सगळ्यांना आठवण करून देणं. कृष्णरावांना तीन बिनमिठाचे बोल टाकले, हवेबद्दल, जेवणाबद्दल. त्यांनी झटपट उत्तरं दिली. तिसऱ्यानंतर चष्मा पुसत हळूच म्हणाले, “माधवराव, तो बोल माझाच होता. खोड मीच विचारली होती.” मी म्हणालो, “पण सांगितली मी.” मागे यशवंतराव कुणाला तरी म्हणाले, “माधवराव आता थकले.” ठीक आहे. असं म्हणू दे.

फोटोची वेळ झाली. स्टेजवर वैभवी आणि अजेय, बाजूला दोन्ही घरं. फोटोवाला इंदूरचा, त्याला काही माहीत नव्हतं. कॅमेऱ्यातून बघत ओरडला, “दूल्हे भिया, लेफ्ट कंधा थोडा ऊपर!”

आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, पन्नास-साठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं. अजेयकडे नाही. माझ्याकडे. मी आता काय बोलतो म्हणून, हसायची तयारी करून. अर्पितचा हात तर टाळीसाठी अर्धा वर आला होता. माझ्या जिभेवर उत्तर होतं. होतंच. फोटोवाल्याला गार करणारं, अजेयची बाजू घेणारं, सगळ्यांना हसवणारं. मी दात दाबून धरले. आणि मला कळलं, की मी गप्प उभा आहे तेही लोक बघताहेत.

“इतनाच है, भिया,” अजेय म्हणाला. “खींचो.”

वैभवीनं त्याच्या डाव्या हाताला हात घातला. फोटोवाला ओशाळून कॅमेऱ्यामागे गेला. मग अजेयनं वळून मला शोधलं, शेवटच्या रांगेत. “या ना फोटोत,” तो म्हणाला. सगळ्यांसमोर, चांगल्या आवाजात. क्षणभर थांबला. मला वाटलं, आता म्हणेल.

“या, मास्टरजी.”

मी गेलो. डाव्या बाजूला जागा होती, तिथे उभा राहिलो. त्या फोटोत सगळे समोर बघताहेत. माझी मान खाली आहे. बघणाऱ्याला तो विनय वाटेल.